थोरल्या जावयाचा वीज-अंदाज

३ मे, रविवार

आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज. कुणी वाचावं म्हणून नाही. अबोलीने तर मुळीच नाही. वही कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली.

दुपारी खासबागला सासरी जेवण. आमरस. दुसरी वाटी घेताना समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं आणि रसाची चव गेली. साडूचा फोटो. वर्तमानपत्रातलं कात्रण, तेही लॅमिनेट करून. ‘निपाणीच्या तरुण अभियंत्याने वाचवली कारखान्याची वीज.’ डोक्यावर पिवळं हेल्मेट. हेल्मेट कुणीही घालू शकतो. माझीही दोन पत्रं वाचकांच्या पत्रव्यवहारात आली होती, एक तर चौकटीत. ती सासूबाईंनी डब्यांच्या फळीवर अंथरली आहेत. वर हळदीचा डबा.

मी जळत नाही. एकोणीस वर्षं पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या माणसाने वायरी जोडणाऱ्यावर काय जळायचं?

मुख्य मुद्दा. आप्पांचे, म्हणजे सासऱ्यांचे, गुडघे गेले. त्यांचं ‘हरिप्रिया मंगल कार्यालय’ आता त्यांच्याने होत नाही. मुलगा नाही. दोन मुली: थोरली अबोली मला दिलेली, धाकटी शाल्मली ऋग्वेदला. जेवण झाल्यावर पान जमवत आप्पा म्हणाले, दोघांतल्या एकाच्या हातात हॉलच्या किल्ल्या द्यायच्या म्हणतोय. खरं आधी बघतो, हॉल कुणाला कळतोय ते. सतरा मे ते चौदा जून हॉलला वीज किती लागंल, दोघांनीबी अंदाज सांगा. चौदाला धोंड्याचं जेवायला येणारच हाय तुमी, तवा मीटर बघू.

म्हणजे परीक्षा. फोरकास्टिंगची. आणि समोर कोण? मी!

ऋग्वेद नुसता हसला आणि म्हणाला, बघू या की आप्पा. त्याचं ते हसणं मला आवडत नाही. दात चांगले आहेत म्हणून हसतो.

५ मे

कामाला सुरुवात. आप्पांकडून गेल्या वर्षीची सगळी बिलं आणली. गेल्या वर्षी याच तारखांना हॉलवर चौदा लग्नं, तीन मुंजी, दोन बारशी, एक रिटायरमेंट. एक्सेलमध्ये घातलं. एका लग्नामागे किती पंखे, किती मोटर, वरातीची लायटिंग, नवरीच्या खोलीतला एसी. तापमान वेगळ्या रकान्यात. सुंदर आलेख आला, नवरीच्या नथीसारखा.

मी आलेख बघत असताना अबोली आली. अहो, गेल्या वर्षीचं कशाला बघताय, ह्या वर्षी तर— म्हणाली. मी हात वर केला. सांख्यिकीत मागचा डेटा हाच देव. तिला ते समजावून सांगितलं, साधारण अर्धा तास. ती कधी उठून गेली ते कळलं नाही.

६ मे

फोरकास्ट पुरेसा नाही. ऋग्वेद नुसता आकडा सांगेल. मी आकडा सांगून वर बचतही करून दाखवणार. त्याने कारखान्याची वाचवली ना? मी लग्नाची वाचवतो. लग्नात वीज वाचवून दाखवलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

सराव म्हणून घरापासून सुरुवात. नियम: फ्रिज दिवसातून चार वेळाच उघडायचा. मिक्सर बंद, पाटा-वरवंटा सुरू. टीव्ही बघताना दिवा नाही. अबोलीने नियम वाचले आणि पाटा गच्चीवरून खाली कोण आणणार विचारलं. मी म्हणालो, तत्त्व समजून घे. ती म्हणाली, तत्त्वावर चटणी वाटू काय?

९ मे

हॉलवर फील्ड व्हिजिट. लग्न ऐन भरात. विजेची उधळपट्टी बघून अंगावर काटा आला. बाराच्या उन्हात झुंबरं पेटलेली! मी घरून आणलेल्या पाट्या लावल्या, मराठीत आणि कन्नडमध्ये. (कन्नड शेजारच्या मालुबाईंकडून तपासून घेतलं.) ‘नवरा-नवरी पाहुण्यांची, वीज मात्र साऱ्यांची.’ अशा एकूण बावीस.

नवरीच्या खोलीतला एसी सोळावर होता. सव्वीसवर नेला. थोड्या वेळाने नवरीचा मेकअप उतरू लागला. नवरीच्या मामांशी ऊर्जाबचतीवर चर्चा झाली. त्यांनी कॉलर धरली ती भावनेच्या भरात. मुलीकडचे लोक हळवे असतात.

वॉचमन मष्णूला काम लावून दिलं: सतरा तारखेपासून रोज सकाळी मीटरचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. व्हय सर म्हणाला.

११ मे

घरची बेसलाइन मोजली. बेसलाइन म्हणजे काहीही वाचवण्याआधी कोणतं यंत्र किती वीज खातं ते. त्यासाठी प्रत्येक यंत्र एकेकटं चालवून मीटर बघावा लागतो. गीझर दुपारभर. इस्त्री दुपारभर. मिक्सर रिकामा चालवला, तो जळला. शास्त्रात नुकसान धरावंच लागतं. अबोलीला म्हणालो, बघ, मिक्सरचा वापर कायमचा शून्यावर आला. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा माझा मुद्दा पटलेला असतो.

१४ मे

अंदाज सादर केले.

माझा: स्पायरल बाइंडिंग, रंगीत आलेख, शेवटी संदर्भसूची. गेल्या वर्षीचे तीन हजार शंभर युनिट; त्यातून पाट्यांची बचत दहा टक्के वजा. उत्तर: दोन हजार सातशे नव्वद.

ऋग्वेदचा: फॅमिली ग्रुपवर एक मेसेज. ‘आप्पा, २४० च्या आसपास धरा.’ आणि पुढे नमस्काराचा हात.

दोनशे चाळीस! तीन वेळा वाचलं. शून्य गाळलं बेट्याने! इंजिनिअर! पिवळं हेल्मेट! असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, म्हणजे झाला होता पण असा नाही. दोन हजार चारशे म्हणायचं असेल तरी चुकलाच आहे, आणि दोनशे चाळीस राहिलं तर देवच पावला. एका लग्नाला तेवढी जाते.

त्याला चूक सांगावी का? विचार केला. नाही. चुकांतूनच माणूस शिकतो, आणि सगळे जेवायला बसलेले असताना शिकला तर जास्त शिकतो.

अबोली म्हणाली, ऋग्वेदचा आकडा मला बरोबर वाटतोय, अहो ऐका तरी, त्या महिन्यात— मी म्हणालो, तुझ्या बहिणीचा नवरा म्हणून तुला सगळं बरोबरच वाटणार. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी वाजत होती.

१७ मे, रविवार

महिना सुरू. सकाळी अंघोळ करून मीटरच्या फोटोची वाट बघत बसलो.

महत्त्वाचा निर्णय: या काळात हॉलवर पाऊल ठेवायचं नाही. निरीक्षक समोर असला की माणसं मुद्दाम शहाण्यासारखी वागतात आणि डेटा नासतो. ऋग्वेदला असलं काही सुचणार नाही. तो आज निपाणीहून येऊन मेन बोर्डावर काहीतरी डबी लावून गेला म्हणे. लावू दे.

१९ मे

मष्णूचे फोटो आले. दिवसाला आठ युनिट.

आठ!

माझ्या हिशेबाने शहाण्णव हवेत. आधी वाटलं मीटर बिघडला. मग फोटो मोठा करून बघितला, मग चहा घेतला, आणि चहाच्या शेवटच्या घोटाला उलगडलं. पाट्या. माझ्या पाट्या! बेळगावचा माणूस फुकटचं वाया घालवेल, पण कुणी नीट शब्दांत सांगितलं तर ऐकतो.

दहा टक्के धरले होते. नव्वदच्या वर निघाले. मी स्वतःला कमी लेखतो हा माझा जुना दोष आहे.

२२ मे

खात्री करावी म्हणून मष्णूला फोन. लोक दिवे लावतात का? न्हाय सर. पंखे? कोण लावतंय सर, म्हणाला. एसी? एसीला हात कोण लावंना. सगळं थंडगार हाय सर हितं, मी पायरीवर पडून असतोय.

फोन ठेवल्यावर डोळे भरून आले. लग्नघरातली माणसं उकाड्यात शांत बसलेली डोळ्यांपुढे आली. कुणाची कुरकुर नाही. वऱ्हाडी हातपंख्याने वारा घेत आहेत.

२५ मे

‘श्रीनाथ मॉडेल’ या माझ्याच नावाने लेख लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या. पैकी एक शीर्षक.

आता हॉल हातात आल्यावर काय काय करायचं त्याचा विचार. माझा फोटो ऑफिसात. नको, प्रवेशद्वारापाशीच. आप्पा पाहुण्यांना सांगत आहेत, हे आमचे थोरले जावई. अबोलीला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, आपल्या गावात मांडे ताटात मिळतात, तुमी मनातले का खाताय?

विनोदबुद्धी बरी आहे तिची. संशोधनाची दृष्टी नाही.

२८ मे

एक गोष्ट खटकते. या महिन्यात आम्हाला लग्नाची एकही पत्रिका आलेली नाही. गेल्या वर्षी मे-जूनमध्ये टेबलावर ढीग होता. आहेराची पाकिटं संपली होती. यंदा एक नाही.

विचार करता करता लक्षात आलं. निपाणीला जात असणार सगळ्या. पेपरात फोटो आला की लोकांना त्याचाच पत्ता आठवतो. शहापुरातली आमच्या ओळखीची माणसं, ज्यांच्या मुलांना मी मीन-मीडियन-मोड शिकवलं, तीसुद्धा! कृतज्ञता राहिली नाही.

अबोलीला म्हणालो, आपल्या गल्लीतल्या शामूच्या मुलाचं लग्न ठरलं होतं ना, त्यानेही बोलावलं नाही बघ. ती म्हणाली, त्याचं एकवीस जूनला हाय, आपल्याच हॉलवर. आदी कसं असंल? मी म्हणालो, आधी का नसावं, हॉल काय कुणाच्या बापाचा आहे? ती म्हणाली, माझ्या. विषय संपला.

३१ मे, रविवार

खासबागला गेलो. दारात त्याची गाडी. आत तो. शाल्मलीने आणलेल्या निपाणीच्या भडंगाचं सासूबाईंना केवढं कौतुक! मी नेलेला कुंदा ओट्यावर डब्यातच.

एक निरीक्षण. आप्पा मला श्रीनाथराव म्हणतात, अहो-जाहो करतात. ऋग्वेदला म्हणतात, ये रं, बस रं, जरा ती खिडकी लाव रं. सुरुवातीला मला हे बरं वाटायचं. मान कुणाला आहे ते उघड दिसतं. आज त्यांनी त्याला पाठीत धपाटा घातला आणि दोघं खूप हसले. मला कधी घातला नाही. अठरा वर्षांत एकदाही नाही. मला धपाटा हवा आहे असं नाही.

ऋग्वेदने घराच्या छतावर सोलर लावलं. त्याच्या मीटरचा काटा उलटा फिरतो, असं आप्पा कौतुकाने सांगत होते. मी म्हणालो, काटा उलटा फिरणं म्हणजे प्रगती नव्हे. कुणी हसलं नाही. ऋग्वेद तेवढा हसला. सभ्यपणाने. त्याचा हा सभ्यपणा म्हणजे सरळ अपमान आहे.

३ जून

घरचा मीटर रीडर आला. शून्य बिल गेलं! सरकारी योजनेत दोनशे युनिटच्या आत राहिलो की बिल येत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत. योजना आल्यापासून आमचं कधी आलं नव्हतं. सगळ्या गल्लीत आम्हालाच बिल. मालुबाई दारातून विचारत होत्या, काय सर, एसी घेतला व्हय?

कारण: बेसलाइन. बचत करायची तर आधी बेसलाइन लागते आणि बेसलाइनला वीज लागते. हे अबोलीला पटवायला गेलो. तिने बिल माझ्या हातात दिलं आणि नवा मिक्सर आणायला बाजारात गेली.

६ जून

वाईट दिवस.

दाढी करता करता सहज हिशेब केला. दिवसाला आठ. असंच चाललं तर चौदा तारखेला किती? साबण गालावर तसाच वाळला.

दोनशे तीस-बत्तीस. म्हणजे दोनशे चाळीसच्या आसपास!

म्हणजे काय झालं? मी पाट्या लावल्या. मी लोकांना शिस्त लावली. कॉलर माझी धरली गेली. नव्वद टक्के वीज मी वाचवली, आणि त्यामुळे ऋग्वेदने गाळलेलं शून्य बरोबर ठरणार. कष्ट माझे आणि तुरा त्याच्या हेल्मेटात. आयतं म्हणतात ते हेच. मी वाचवत राहिलो तर तो जिंकतो!

दिवसभर जेवण गेलं नाही. म्हणजे कमी गेलं.

८ जून

सरळ विचार केला. शास्त्रीयदृष्ट्या, थोडी वीज वापरली जाणंही गरजेचं आहे. अति बचतीने यंत्रं गंजतात. पंखे अधूनमधून फिरवावेत, एसी अधूनमधून लावावा. याला मेंटेनन्स म्हणतात. हा काही रडीचा डाव नाही.

१० जून

दुपारी हॉलवर गेलो. फक्त मेंटेनन्ससाठी. मष्णूला चहाला पाठवलं.

हॉलमध्ये कुणी नव्हतं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या, बोहल्यावर धूळ, माझ्या पाट्या जागच्या जागी. दुपारची वेळ, वऱ्हाड जेवून वर झोपलं असेल.

सगळं लावलं. पंखे सगळे. झुंबरं. नवरीचा एसी, नवऱ्याचा एसी, जेवणघराचे चारही. बाहेरची लायटिंग. मोटर. मग बोहल्यावरच खुर्ची टाकून बसलो. मीटर भराभर फिरत असणार या विचाराने बरं वाटलं. गार वाऱ्यात डोळा लागला.

फोन वाजला. ऋग्वेद! दादा, म्हणाला, हॉलचा लोड एकदम वर गेलाय, माझ्या मोबाइलवर अलार्म यायलाय. मी त्या दिवशी बोर्डावर मीटर लावलता त्याचा. चोर शिरलाय का काय की. तुम्ही जवळ असता, जरा जाऊन बघता का? एकटे जाऊ नका.

एकटे जाऊ नका म्हणाला. काळजी दाखवतो.

बघतो म्हणालो आणि बोहल्यावरून उडी मारली. सगळी बटणं बंद करता करता धाप लागली. थोड्या वेळाने फोन करून सांगितलं: होता एक. मला बघून पळाला.

११ जून

सकाळी आप्पांचा स्वतः फोन. असा फोन त्यांनी मला कधी केला नव्हता. श्रीनाथराव, चोराला पळवलासा म्हणं? लई धाडस केलासा. मी म्हणालो, आपलं घर समजून केलं. आवाज जरा घोगरा ठेवला.

पाठीमागून सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला: असला कसला चोर म्हणायचा हो, एसी लावून बसतोय?

एकंदरीत दिवस चांगला. अंदाजाचं काहीही होवो, किल्ल्या शूर माणसाच्याच हातात देतात.

१३ जून

उद्याची तयारी. प्रोजेक्टर कॉलेजातून आणला. भाषण पाठ. आशय: साडूंचा आकडा जवळ आला असेल तर तो माझ्या बचतीमुळे. त्यांनी शून्य गाळलं, मी ते सत्यात उतरवलं. मोठ्या मनाने बोलणार. त्याच्याकडे बघून हलकेच हसणार. आरशात हसून बघितलं. दात दाखवायचे नाहीत.

अबोली साडीला फॉल लावत होती. भाषण ऐकवू का विचारलं. नको, म्हणाली. मग टाका घालत म्हणाली, अहो, उद्या ते प्रोजेक्टरचं नको. मी दोनदा सांगायला आलते, तुमी ऐकून घेतला न्हायसा. आता तरी ऐका. मी म्हणालो, बायकोने नवऱ्याच्या यशाला भिऊ नये. ती दोरा तोडून उठली.

१४ जून, रविवार

लिहायचं नव्हतं. पण रोज लिहिणार असं लिहून ठेवलं आहे. (मधले काही दिवस सोडून.)

धोंड्याचं जेवण. रांगोळी, पाट, समया. मी आणि ऋग्वेद शेजारी शेजारी. सासूबाईंनी पाय धुतले, कुंकू लावलं, ताटात पुरणाचे धोंडे, वर तूप. तेहतीस अनारशांचं वाण तांब्याच्या ताम्हणात, वर दिवा. जावई म्हणजे विष्णू, अधिक महिन्यात त्याला जेवू घालायचं, असं काही काही त्या म्हणत होत्या. माझं लक्ष प्रोजेक्टरच्या वायरीकडे.

आधी मीटर. आप्पांनी चष्मा लावून मष्णूचा फोटो बघितला. दोनशे बासष्ट. त्यातले चोराचे तीस, ऋग्वेदच्या डबीत दिसलेले, काढून टाका, म्हणाले. राहिले दोनशे बत्तीस. शाब्बास रं ऋग्वेद!

मी उठलो. तुपाचे हात तसेच. पडदा लावला. बोललो. पाट्या, लोकशिक्षण, वऱ्हाड्यांची शिस्त, ‘श्रीनाथ मॉडेल’. गेल्या वर्षी याच दिवसांत चौदा लग्नं आणि तीन हजार शंभर. यंदा तीच लग्नं दोनशे बत्तीसमध्ये. ब्याण्णव टक्क्यांहून अधिक बचत! टाळ्यांसाठी थांबलो.

कुणी टाळी वाजवली नाही. शाल्मलीने पदर तोंडावर घेतला.

आप्पा शांतपणे म्हणाले, श्रीनाथराव, आज तुमी हितं कशाला आलाय?

मी म्हणालो, धोंड्याच्या जेवणाला.

धोंडा कवा असतोय?

अधिकात, मी म्हणालो.

मग अधिकात लग्नं लागतात व्हय कुठं?

मी ताटाकडे बघितलं. धोंडे. ताम्हणातले अनारसे. कपाळावर कुंकू. अधिक महिना माझ्या पोटात होता, आणि डोक्यात नव्हता. महिनाभर त्या हॉलमध्ये एक कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. आठ युनिट म्हणजे मष्णूचा पंखा, फाटकावरचा दिवा आणि झाडांना पाणी. माझ्या बावीस पाट्या महिनाभर मष्णूने वाचल्या असतील, आणि त्याला वाचता येत नाही.

प्रोजेक्टर सुरूच होता. माझा आलेख सासूबाईंच्या पातळावर पडला होता.

तेवढ्यात ऋग्वेद बोलला. दादांचं काय चुकलं न्हाय, म्हणाला, गेल्या वर्षीच्या आकड्यांवर त्यांचं गणित पक्कं हाय, बरोब्बर तसंच येतंय. मला तरी कुठं कळलंतं? मी अडीच हजारच लिहिणार होतो. आक्कांना सहज फोन केला, त्या म्हणाल्या, अधिक हाय की रं, लग्न एकबी न्हाय. मग काय, पंखा, दिवा, मोटर, झालं.

आक्का म्हणजे अबोली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती वाढत होती. मी ह्यांनाबी सांगायला गेलते, एवढंच म्हणाली आणि माझ्या ताटात तूप वाढलं. जरा जास्तच वाढलं.

 आप्पांनी बनियनच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि अबोलीच्या हातावर ठेवला. लेकी असताना जावई कशाला शोधत बसलतो काय की, म्हणाले.

माझं जेवण झालं नव्हतं. तरी उठलो.

जाताना ऋग्वेद फाटकापर्यंत आला. हळूच म्हणाला, दादा, त्या दिवशीच्या चोराचं मी कुणाला बोललो न्हाय हं. जेवणघरातले एसी मात्र एकदम लावू नका, वायरिंग जुनं हाय.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून. मी त्याचा दीड महिना मनापासून हेवा केला, आणि हा माणूस माझी लाज झाकत फिरत होता.

इतका चांगला वागतो की नीट जळताही येत नाही.

१६ जून

अधिक काल संपला. प्रोजेक्टर परत केला. प्रिन्सिपॉल म्हणाले, कसं झालं व्याख्यान? बरं झालं म्हणालो.

अबोली पहाटेच हॉलवर जाते आता. काल तिने जेवणघरातल्या जुन्या ट्यूबा काढून एलईडी बसवून घेतल्या. मला विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

काल रात्री साडूऐवजी बायकोचा हेवा वाटतोय का, असा विचार केला. उत्तर आलं, पण लिहीत नाही.

२० जून

उद्या शामूच्या मुलाचं लग्न. अधिकानंतरचं हॉलवरचं पहिलं.

संध्याकाळी अबोली दमून आली. चहा मी केला. कप हातात घेऊन म्हणाली, उद्या वीज किती लागंल, अंदाज सांगता काय? जनरेटरला डिझेल किती भरून ठेवायचं बघायला पायजे.

मी म्हणालो, ऋग्वेदला विचार.

विचारलं, म्हणाली. तो म्हणाला दादांना विचारा, आकडे त्यांच्यासारखे कुणाला जमत न्हाईत.

खिडकीबाहेर वडगावकडचे माग खडखडत होते. बराच वेळ मी कपबशी धूत राहिलो. मग वही काढली, ही नव्हे, आकडेमोडीची. पेन्सिलीला टोक केलं. गेल्या वर्षीची बिलं समोर घेतली.

घेतली आणि बाजूला ठेवली. अबोलीला विचारलं, मुहूर्त सकाळचा आहे की संध्याकाळचा, आणि पंगती किती?

ती सांगत होती. मी लिहून घेत होतो.